निरगाठ, सुरगाठ आणि साहेबांचं मनगट

संस्थेत तिला सगळे चिकटताई म्हणत. हे नाव भांडार सांभाळणाऱ्या गृहस्थांनी ठेवलं. नोकरीच्या सुरुवातीला तिने त्यांच्याकडून काचेचे पेले, नळ्या आणि एक नवाकोरा चिमटा नेला आणि महिनाअखेरीस सगळं एका गोळ्यात परत केलं. गोळा पारदर्शक होता, त्यामुळे आतलं सामान तपासून घेता आलं, एवढाच काय तो दिलासा. भांडारवाल्यांनी तो गोळा कपाटावर मांडला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून त्या नावाचा प्रचार केला. पुढे तिने डॉक्टरेट मिळवली, विभागात वरची जागा मिळवली, केस पांढरे केले. नाव मात्र तेच राहिलं.

घरीही तिच्या कामाचा फार दरारा होता असं नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. त्याचं काम अडलं की लोक मजल्यामजल्यांतून बोंबा मारत, त्यामुळे त्या कामाचं महत्त्व कोणाला पटवून द्यावं लागत नसे. तिचं काम अडलं तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. सासूबाई शेजारणींना सांगत, "सून डिंक करते." समोरची बाई गोंधळली की पुढे जोडत, "सरकारी डिंक."

ती करत होती तो डिंक नव्हे, जेल. जेल म्हणजे बहुतेक पाणीच, पण वाहून न जाणारं. त्यात लांबलचक रेणूंचं जाळं पसरलेलं असतं आणि ते पाण्याला धरून ठेवतं. तिच्याकडे दोन बाटल्यांत दोन पातळ द्रव असत. वेगवेगळे ठेवले तर कोणी वळूनही बघणार नाही. एकत्र आले की उष्णता नको, दिवा नको, ढवळणारा नको. ते आपले आपण एकमेकांत गाठी मारत आणि कपात चहा ओतावा एवढ्या वेळात थरथरणारा गोळा तयार होई. हे जेल सुईवाटे झिजलेल्या गुडघ्यात सोडावं, असा तिचा उद्देश होता. उद्देश चांगला होता, गुडघ्यांनी दाद दिली नाही. शोधनिबंध मात्र भराभर छापून आले. ते तिच्यासारखंच जेल करणाऱ्या मूठभर लोकांनी वाचले आणि त्यांतल्या कोणाचे गुडघे दुखत नव्हते.

तिला एक थोरला भाऊ होता. दादा तरुणपणी पावाच्या भट्टीवर कामाला होता आणि तिथे एकदा त्याचा हात कोपरापासून खांद्यापर्यंत भाजला. ती तेव्हा शाळेत होती. आई तिला डबा देऊन दवाखान्यात पाठवी आणि ती जळिताच्या वॉर्डबाहेर बाकावर बसून राही. दादा जात्याच बडबड्या. आतून त्याचे विनोद ऐकू येत, शेजारच्या खाटांवरचे लोक हसत. मग पट्ट्या बदलणाऱ्यांची गाडी खडखडत आली की तो गप्प होई. जखमेवर कापड चिकटून बसलेलं असे आणि ते ओढलं की त्याखाली नुकती धरू लागलेली कातडीही निघून येई. त्यानंतर जे ऐकू येई, त्यासाठी तिच्याकडे पुढेही कधी शब्द नव्हता. बऱ्याच वर्षांनी संस्थेच्या मासिकात छापून आलं की त्या बाकावरच तिच्या मनात संशोधनाची ठिणगी पडली. तसं काही झालं नव्हतं. बाकावर बसून तिने एवढंच ठरवलं होतं की दवाखान्यात परत पाऊल ठेवायचं नाही. रसायनशास्त्राकडे ती वळली ती हव्या त्या विषयाला प्रवेश मिळाला नाही म्हणून.

ठिणगी पडली असेल तर ती एका सुटीच्या सकाळी. दादा आता बेकरीची यंत्रं विकत फिरत असे आणि वाटेत तिच्याकडे डोकावे. एकदा तो संस्थेतच आला. तिने हौसेने त्याला दोन द्रव एकत्र करून दाखवले, गोळा सुरीने कापला, तुकडे शेजारी ठेवले, आणि थोड्या वेळाने सबंध गोळा उचलून त्याच्या हातात दिला. दादा खूश झाला. म्हणाला, हे यंत्रांच्या तुटलेल्या पट्ट्यांना करून दे, मी विकून दाखवतो. मग त्याने बाही वर करून थोडं जेल आपल्या जुन्या व्रणावर थापलं. छान बसलं. गार लागलं. त्याने हात वरखाली करून पाहिला.

"हे काढायचं कसं?" त्याने विचारलं.

"ओढून," ती म्हणाली.

 दादाने एका कडेला नख घातलं, थांबला, आणि हात तिच्यापुढे धरून खिडकीकडे तोंड केलं. तिने शक्य तितक्या हळू ते सोलून काढलं. जुना, वाळलेला व्रण. दुखण्यासारखं काहीच नव्हतं. तरी तिचं काम होईपर्यंत त्याने श्वास रोखून धरला होता. नंतर त्याने नेहमीसारखा एक विनोद सांगितला आणि गेला. ती दिवसभर तशीच बसून राहिली. आपण इतकी वर्षं फक्त चिकटण्याचाच विचार केला, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा खटकलं.

दुसऱ्या दिवशी तिने गुडघ्यांना रामराम ठोकला.

आता तिला असं जेल हवं होतं, जे भाजलेल्या जागेवर ओतलं की आपोआप धरेल, जखम ओली आणि झाकलेली ठेवेल, आणि काढायची वेळ आली की ओढावं न लागता आपण होऊन सुटेल. म्हणजे रेणूंच्या गाठी निरगाठी नकोत, सुरगाठी हव्यात. तिने धाग्यासारख्या एका रेणूवर बोरॉनचे छोटे आकडे बसवले. हे आकडे दुसऱ्या धाग्याला पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात. नवऱ्याला तिने समजावून सांगितलं की गर्दीच्या बसमध्ये लोक दांडा धरून उभे असतात आणि मधून मधून हात बदलतात, पण सगळ्यांचे हात एकदम सुटत नाहीत म्हणून कोणी पडत नाही, तसं हे. मात्र या आकड्यांची एक खोड होती. साखरेच्या जातीचं काही समोर आलं की त्यांना धाग्यापेक्षा ते जास्त आवडे. बिनसाखरेच्या च्युइंगगमला गोडी आणणारा सॉर्बिटॉल पाण्यात विरघळवून ओतला की आकडे धागा सोडून त्याच्या गळ्यात पडत आणि जेलचं पाणी होई. नवऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, लिफ्टमध्ये असं काही लावू नकोस म्हणजे झालं.

कागदावर हे सोपं होतं. प्रत्यक्षात तिचं जेल आधी फार लाजाळू निघालं, धरायलाच तयार नाही. मग फार चोखंदळ निघालं, एका बाटलीतलं धरे, दुसरीतलं नाही. मग असं निघालं की रक्तातल्या साध्या साखरेनेही पाघळायचं, म्हणजे पट्टी बांधून नर्सने पाठ फिरवायचा अवकाश. ती आकडे बदलत राहिली, धागे बदलत राहिली. खाटकाकडून आणलेल्या कातडीवर तिचे प्रयोग चालत आणि त्या वासामुळे शेजारच्या प्रयोगशाळेने दोनदा तक्रार केली. शेवटी एके दिवशी जेल धरलं, धरून राहिलं, आणि सॉर्बिटॉलचं पाणी ओतल्यावर साबणाच्या फेसासारखं ओघळून गेलं. खालची कातडी जशीच्या तशी. तिने शेजारच्या प्रयोगशाळेला चहा पाजला.

याच सुमारास संस्थेला नवे संचालक आले. सगळे त्यांना साहेब म्हणत, कारण त्यांना ते आवडे. साहेबांची हयात पोलादाच्या अभ्यासात गेली होती. एखादी वस्तू किती चांगली, तर ती तोडायला किती जोर लागतो यावरून, हे त्यांचं साधं सरळ मोजमाप होतं. माणसांनाही ते तेच लावत. त्यांनी सगळ्या विभागांचा आढावा घेतला आणि चिकटताईची पाळी आली तेव्हा तिने उत्साहाने सांगितलं की जेल सुटतं.

"सुटतं," साहेब म्हणाले. "म्हणजे टिकत नाही."

तिने समजावलं की हवं तेव्हाच सुटतं. समितीतले एक सभासद म्हणाले की अहवालात 'सुटतं' हा शब्द बरा दिसत नाही, त्याऐवजी काही तरी चढतं लिहावं. दुसऱ्यांनी विचारलं की न सुटणारं करायला किती वेळ लागेल. ते तर सगळे करतातच, असं ती म्हणाली, तेव्हा तिसरे म्हणाले की मग आपणच मागे का. संस्थेचे प्रसिद्धी अधिकारी कोपऱ्यात बसले होते. हा तरतरीत माणूस, कोणत्याही गोष्टीचा मथळा आधी ठरवून मग ती गोष्ट ऐकणारा. त्यांना जेलचे कापलेले तुकडे परत जुळतात हे फार भावलं होतं. लोकांना जुळलेलं आवडतं, सुटलेलं नाही, असं त्यांनी मत दिलं आणि समितीने माना डोलावल्या.

मग नव्या इमारतीचं उद्घाटन ठरलं. खात्याचे सर्वांत वरचे अधिकारी पाहुणे म्हणून यायचे होते आणि प्रवेशद्वाराशी काचेच्या पेटीत काहीतरी नेत्रदीपक असावं अशी साहेबांची इच्छा होती. प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी सुचवलं की चिकटताईच्या जेलमधून संस्थेचं बोधचिन्ह घडवावं, निळ्या रंगात. बोधचिन्हात एक मशाल होती. तिने साच्यात मशाल ओतली, रंगीत तालमीच्या दिवशी सकाळी पेटीत उभी केली. पण सुरगाठींचं जेल फार वेळ ताठ उभं राहत नाही. हात बदलता बदलता सगळी मंडळी हळूहळू खाली सरकतात. दुपारी साहेब पाहणीला आले तेव्हा मशालीने मान टाकली होती. चहानंतर पुन्हा आले तेव्हा पेटीत निळं थारोळं होतं आणि प्रसिद्धी अधिकारी त्याकडे पाठ करून उभे होते.

साहेबांचा पारा चढला. संस्थेचं चिन्ह आडवं झालेलं त्यांना चालणार नव्हतं. मजबूत करा, असा हुकूम सुटला. चिकटताईने सांगून पाहिलं की मजबूत केलं तर त्यात शोधच उरणार नाही. साहेब म्हणाले, पेटीत शोध ठेवायचा नाही, मशाल ठेवायची आहे. हे तिला नाकारता येईना. तिने शस्त्रक्रियेत शिवण सांधायला वापरतात तसल्या जातीचा जोडक, म्हणजे धागे सांधणारा पदार्थ, घातला. त्याच्या गाठी कायमच्या, निरगाठीही त्यापुढे सैल वाटाव्यात अशा. कातडीला त्याने अपाय होत नाही, पण कातडीलाही तो तितक्याच प्रेमाने धरतो. उद्घाटनाला मशाल ताठ उभी राहिली. उरलेले द्रव तिने दोन सिरिंजांत भरले, त्यावर 'फक्त पेटीसाठी' अशी चिठ्ठी लावली आणि प्रात्यक्षिकाच्या टेबलावर आपलं खरं, सुटणारं जेल दुसऱ्या सिरिंजांत वेगळं मांडलं.

सभागृह भरलेलं होतं. साहेबांचं भाषण रंगलं. पोलाद आणि राष्ट्र यांच्यावरून ते जेलवर आले आणि स्वतःच्याच शब्दांच्या ओघात त्यांना वाटलं की नुसतं सांगून भागणार नाही. त्यांनी कोटाची बाही वर सरकवली, डावं मनगट पुढे केलं आणि म्हणाले की संस्थेचा प्रमुख हे जेल सर्वांत आधी स्वतःच्या अंगावर घेईल. टाळ्या पडल्या. चिकटताईने आपल्या सिरिंज उचलल्या. साहेबांनी मान हलवली. ते नको, मजबूत. प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी तत्परतेने पेटीमागून चिठ्ठी लावलेल्या सिरिंज आणून दिल्या. ती पुढे झाली आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"सर, हे निघणार नाही."

साहेबांच्या कोटाला माईक लावलेला होता. 'हे निघणार नाही' सगळ्या सभागृहात घुमलं आणि लोकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या.

"निघू नये म्हणूनच केलंय," साहेब हसून म्हणाले.

ती आणखी एकदा म्हणाली, आणखी मोठ्या टाळ्या पडल्या. मग तिने सिरिंजांवर हात ठेवला. साहेबांनी त्या तिच्या हाताखालून काढून घेतल्या आणि बोटांच्या पेरांपासून कोपराच्या अलीकडेपर्यंत स्वतःच निळा थर ओतून घेतला. शर्टाचा कफ त्यात बुडाला. सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ बुडालं. पाहुण्यांनी कुतूहलाने बोट लावून पाहिलं, पण तोवर जेल धरलं होतं, एवढं त्यांचं नशीब. छायाचित्रकारांनी साहेबांना हात उंच धरायला लावला. निळ्या थरातून घड्याळाचे काटे फिरताना स्वच्छ दिसत होते आणि चित्र खरोखरच देखणं आलं.

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर साहेब आपल्या खोलीत येऊन बसले आणि म्हणाले, "हं, काढा आता."

तिने परत पहिल्यापासून समजावलं. साहेबांना ते पहिल्यांदाच ऐकू आल्यासारखं वाटलं. तुमचं ते पाणी ओता, त्यांनी फर्मावलं. तिने सॉर्बिटॉलचं पाणी ओतलं, काही झालं नाही. ते पाणी सुरगाठींसाठी होतं. प्रसिद्धी अधिकाऱ्यांना वाटलं गोडी कमी पडते आहे. त्यांनी चहाच्या टेबलावरची साखर आणून वर भुरभुरवली. त्याने जेल सुटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर मुंग्यांची रांग लागली. संस्थेच्या डॉक्टरांनी एक कड चिमट्यात धरून ओढली. मनगटावरचे केस जेलमध्ये रुजल्यासारखे बसले होते. साहेबांच्या खोलीचा दरवाजा जाड होता, तरी बाहेरचे कारकून उभे राहिले.

पुढचे काही दिवस संस्थेने कधी विसरता येणार नाहीत असे काढले. साहेब डावा हात कोटाच्या खिशात घालून फिरत. पण जेलमधलं पाणी उडत चाललं होतं. थर आवळत होता, कडक होत होता, आणि त्याबरोबर एकेक केस सावकाश ताणला जात होता. ते बोलता बोलता मध्येच डोळे मिटून घेत आणि समोरच्याला वाटे आपण काहीतरी खोल बोललो. घड्याळात सकाळच्या फेरफटक्याचा गजर लावलेला होता. बटणं थराखाली गाडलेली, त्यामुळे तो बंद करता येईना. आणि दाबली गेलेली कळ कुठली कोण जाणे, तो आता सकाळऐवजी भर बैठकीत वाजू लागला. सगळे कागदात डोकं घालून बसत. प्रसिद्धी अधिकारी खिडकीबाहेर बघत. भांडारवाले गृहस्थ विनाकारण संचालकांच्या मजल्यावर दिसू लागले.

शेवटी साहेबांनी तिला बोलावलं. या वेळी हुकूम नव्हता. तिने सांगितलं की एकच मार्ग आहे: ओल्या कापडाने भिजवत ठेवायचं आणि छोट्या कात्रीने, कातडी वाचवत, कणाकणाने कापत जायचं, रोज थोडं. साहेब बरं म्हणाले. मग रोज दुपारी ती एका ट्रेमध्ये कात्री, चिमटे आणि कापड घेऊन त्यांच्या खोलीत जाई आणि दोघं खिडकीशी बसत. पहिल्या दिवशी आपल्याला मनातून गुदगुल्या होत आहेत हे तिला कबूल करावं लागलं. घरी तिने नवऱ्याला ते वर्णन करून सांगितलं आणि सासूबाई हसता हसता ठसकल्या. सून सरकारी डिंक साहेबांच्या हातावरून सोडवते आहे, ही बातमी संध्याकाळपर्यंत इमारतीच्या सगळ्या मजल्यांवर पोचली.

मग एक दुपार अशी आली. तिने नेहमीप्रमाणे ट्रे टेबलावर ठेवला, आतली कात्री खडखडली, आणि साहेबांचा हात आपोआप मागे गेला. त्यांनी तो लगेच पुढे आणला, काही झालंच नाही अशा आविर्भावात समोरच्या भिंतीकडे बघू लागले.  तिने ते पाहिलं आणि तिच्या मनातलं हसू कुठल्या कुठे गेलं. तिने कात्री ट्रेमधून काढून ओल्या मऊ कापडावर ठेवली, परत आवाज होऊ नये म्हणून, आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा सावकाश काम केलं.

 मग साहेबांनी भिंतीकडे बघतच विचारलं, "भाजलेल्या माणसांचं असंच होत असेल?"

"नाही सर," ती म्हणाली. "तुमची कातडी धडधाकट आहे. त्यांच्याकडे तीच नसते."

 घड्याळाचा गजर वाजला, तो दोघांनी वाजू दिला. थोड्या दिवसांनी शेवटचा तुकडा निघाला तेव्हा त्यांचं मनगट गुळगुळीत, गुलाबी आणि जरा पोरकट दिसत होतं. घड्याळ चालू होतं. ते त्यांनी खिशात टाकलं आणि तिला म्हणाले की जळिताच्या वॉर्डसाठी परवानगीचे जे काही अर्ज अडकले असतील ते उद्या घेऊन या.

साहेब बदलले, असं कोणी म्हणू नये. त्यांची फक्त दिशा बदलली, वेग तोच राहिला. पुढच्याच सभेत त्यांनी सांगितलं की धरणं कोणालाही जमतं, सोडण्यात खरं विज्ञान आहे, आणि हा विचार त्यांना कैक वर्षांपासून छळत होता. समितीने माना डोलावल्या. 'सुटतं' हा शब्द अहवालात घालणं ज्यांना बरं वाटलं नव्हतं, त्यांनी आता तो ठळक अक्षरांत छापावा असं सुचवलं. प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी मासिकात उद्घाटनाचं छायाचित्र पुन्हा छापलं आणि खाली लिहिलं की न सुटणाऱ्या जेलच्या वेदना मोजण्यासाठी संचालकांनी स्वतःचा देह प्रयोगाला दिला. त्यावर साहेबांना एका परिषदेत शाल मिळाली. बाकावरच्या ठिणगीची कहाणी त्याच अंकातली. निबंधावर साहेबांचं नाव पहिलं आलं, तिचं बरंच मागे. नवऱ्याला राग आला. तिलाही आला, पण परवानग्या कधी नव्हे त्या झपाट्याने येत होत्या, आणि त्या थांबतील असं काही बोलायची तिची छाती झाली नाही. तिने मूग गिळले आणि कामाला लागली. हे बरोबर केलं की चूक, याचा निकाल तिने पुढे कधीच लावला नाही.

तपासण्या झाल्या, त्यांच्याही तपासण्या झाल्या, आणि अखेर तिला वॉर्डात जावं लागलं. आतून लहानपणी बाकावर यायचा तोच फिनेलचा आणि उकळत्या कापडाचा वास आला. वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर उंच, कोरड्या स्वभावाच्या. त्यांनी बाटल्या उजेडाकडे धरून पाहिल्या.

"दर वर्षी कोणी ना कोणी नवं औषध घेऊन येतं," त्या म्हणाल्या. "फोटो काढतात आणि जातात. पेशंट आमच्याकडेच राहतात."

चिकटताई म्हणाली की ती थांबेल. सिस्टर म्हणाल्या, बघू.

पहिली रुग्ण धुलाईच्या कारखान्यात कपडे वाफेवर इस्त्री करणारी बाई होती. नळी फुटून तिचा उजवा हात आणि गळ्याखालचा भाग भाजला होता. बाई तोंडाची फटकळ. वॉर्डातल्या चादरींना नीट इस्त्री नाही म्हणून ती रोज कुरकुर करी. तिच्या अर्ध्या जखमेवर नेहमीची पट्टी बांधायची आणि अर्ध्यावर जेल घालायचं असं ठरलं होतं. जेल ओतलं तेव्हा ती फक्त गार लागतं म्हणाली. खरी परीक्षा ते काढायच्या दिवशी होती.

त्या दिवशी आधी नेहमीची पट्टी निघाली. चिकटताई पडद्याआड उभी राहिली आणि तिने कान झाकले नाहीत, एवढंच सांगता येईल. सगळं आटोपल्यावर सिस्टरांनी तिला खुणेने आत बोलावलं. बाईचा चेहरा घामाने डबडबला होता, तिने चादरीचा बोळा मुठीत धरला होता आणि दातांत दुसरा. सिस्टरांनी कोमट सॉर्बिटॉलचं पाणी भांड्यातून गळ्याखालच्या जेलवर हळूहळू सोडायला सुरुवात केली. काही क्षण काहीच झालं नाही. मग कडा पातळ झाल्या. जेल ओघळून खालच्या ताटलीत उतरू लागलं आणि त्याखाली नवी, ओलसर, गुलाबी कातडी दिसली, सगळी जागच्या जागी.

"सुरू करा ना एकदाचं," बाई दातांतल्या चादरीमधून म्हणाली.

सिस्टर पाणी सोडत राहिल्या. मूठ आधी जराशी सैल झाली, मग पूर्ण उघडली. बोळा तोंडातून गळून पडला. कितीतरी रात्री झोप न मिळालेली ती बाई. कोमट पाणी अंगावर पडत होतं आणि कोणी ओढत नव्हतं. तिची मान कलली. थोड्या वेळाने ती घोरू लागली, चांगलं मोठ्याने.

सिस्टरांनी भांडं खाली ठेवलं. या खोलीत पट्टी काढताना आजवर त्यांनी कोणाला झोपलेलं पाहिलं नव्हतं, असं त्या पुटपुटल्या आणि चादर बाईच्या पायांवर सारखी केली.

तेवढ्यात बाहेर गडबड झाली. साहेब आले होते, सोबत प्रसिद्धी अधिकारी, छायाचित्रकार आणि एक फुलांचा गुच्छ. वेदनामुक्त रुग्णाचं हसतं छायाचित्र हवं होतं. सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की पेशंट झोपली आहे, उठली की बघू. प्रसिद्धी अधिकारी म्हणाले, दोनच मिनिटं उठवा, साहेबांना पुढे जायचंय. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी साहेबांकडे पाहिलं.

साहेबांनी आतून येणारं घोरणं ऐकलं. मग गुच्छ प्रसिद्धी अधिकाऱ्यांच्या हातात दिला, डावी बाही मनगटावर ओढून घेतली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.